टेलरचे घड्याळ आणि वेर्ण्यातली पॅकिंग लाइन

व्यवस्थापनाच्या पदविका अभ्यासक्रमात कामाचे मोजमाप करणारा अमेरिकन अभियंता टेलर, फ्रेंच खाण अभियंता फेयोल आणि नोकरशाहीचे वर्णन करणारा जर्मन समाजशास्त्रज्ञ वेबर ही त्रयी पहिल्याच सत्रात उरकली जाते. फेयोलची व्यवस्थापनाची चौदा तत्त्वे परीक्षेपुरती पाठ करायची आणि मग 'आधुनिक' विचारांकडे वळायचे, असा एकूण रिवाज आहे. गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्याच्या पॅकिंग विभागात पर्यवेक्षक म्हणून काम करता करता मात्र माझे मत असे बनत गेले, की आधुनिक म्हणून जे आमच्यापुढे मांडले जाते त्याचा सांगाडा शंभर वर्षांपूर्वीचाच आहे. फक्त त्या जुन्या मंडळींनी घातलेल्या अटींपैकी मालकांना सोयीच्या तेवढ्या टिकल्या आणि बाकीच्या कधी गळून पडल्या ते कोणाला कळलेही नाही.

फ्रेडरिक विन्स्लो टेलरने १८९९ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टील कंपनीत कच्च्या लोखंडाच्या लाद्या वाहणाऱ्या मजुरांचा अभ्यास केला. सुमारे ९२ पौंडांची एक लादी उचलायची, फळीवरून चालत जायचे आणि ती रेल्वेच्या वाघिणीत टाकायची, एवढेच ते काम. माणशी दिवसाला साडेबारा टन माल चढत असे. टेलरने तो साडेसत्तेचाळीस टनांवर नेल्याचा दावा केला आणि त्या बदल्यात मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर केली. काम जवळजवळ चौपट आणि मजुरी दीडपटीहून थोडी जास्त, हा हिशेब आज कोणालाही खटकेल. शिवाय पुढच्या संशोधकांनी कंपनीची कागदपत्रे तपासून ही कथा टेलरने बरीच रंगवलेली असल्याचे दाखवून दिले आहे. तरीही १९११ साली त्याने पुस्तकरूपाने जे मांडले त्यात दोन गोष्टी स्पष्ट होत्या. वाढीव कामाला वाढीव मजुरी मिळालीच पाहिजे, ही पहिली. दुसरी गोष्ट क्वचितच सांगितली जाते: इतक्या जड कामात मजुराच्या अंगावर दिवसाच्या ४३ टक्के वेळच ओझे असावे आणि उरलेल्या वेळात ते नसावे, असे त्याचे गणित होते. म्हणजे विश्रांती ही साहेबाची मेहेरबानी नव्हती, तर मोजमापातूनच निघालेला नियम होता.

आता आमची लाइन पाहा. ब्लिस्टर यंत्रातून गोळ्यांच्या पट्ट्या बाहेर पडतात, सरकत्या पट्ट्यावरून पुढे जातात, तिथे ओळीने उभ्या असलेल्या मुली त्या माहितीपत्रकासह खोक्यात भरतात आणि पुढचा वजनकाटा कमी भरलेले खोके बाजूला ढकलतो. डोक्यावर पडदा लावलेला असतो आणि त्यावर लाइनची कार्यक्षमता टक्क्यांत दिसत राहते. टेलरच्या पद्धतीत स्टॉपवॉच हातात घेऊन कामगाराच्या मागे वेळ मोजत उभा राहणारा माणूस आता गेला. त्याचे काम यंत्र स्वतःच करते. लाइन थांबली की ऑपरेटरला पडद्यावरच्या यादीतून कारण निवडावे लागते: फॉइल बदल, सेन्सरचा बिघाड, माल उपलब्ध नाही, मनुष्यबळ कमी. त्या यादीत थकवा हे कारण नाही. टेलरला निदान तो मोजावासा वाटला होता.

हे घड्याळ कामगारांनी निमूटपणे स्वीकारले असेही नाही. १९११ च्या ऑगस्टमध्ये वॉटरटाउन येथील अमेरिकी सरकारच्या शस्त्रागारात स्टॉपवॉचवरूनच ओतकाम करणाऱ्यांनी संप केला, प्रकरण संसदीय चौकशीपर्यंत गेले आणि पुढे सरकारी शस्त्रागारांत कामगारांवर स्टॉपवॉच लावण्यास अमेरिकी संसदेने मनाई केली. आपल्याकडे लगाम आला तो कायद्यातून: १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि जादा तासांना दुप्पट दराने वेतन ठरवले. तासांवर मर्यादा आली खरी, पण त्या तासांच्या आत लाइन किती वेगाने पळवायची याबद्दल मात्र हा हिशेब काहीच बोलत नाही. किनारपट्टीवरच्या हॉटेलांत खोल्या आवरणाऱ्या बायकांचेही तेच. पाळी ठरलेली, पण खोल्यांची संख्या हंगामाप्रमाणे फुगत जाते.

वेबरची बाजू मी घेईन. नोकरशाही हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो, आणि सरकारी कचेरीत एका दाखल्यासाठी तीन फेऱ्या मारलेल्या माणसाशी मी वाद घालणार नाही. परंतु औषधाच्या कारखान्यात बॅचची प्रत्येक नोंद, ती करणाऱ्याची सही, तपासणाऱ्याची वेगळी सही आणि मागच्या बॅचची एकही गोळी लाइनवर उरलेली नाही याची लेखी खात्री, हे सगळे म्हणजे वेबरने वर्णिलेली लेखी, व्यक्तिनिरपेक्ष व्यवस्थाच आहे. शिवाय गोव्यासारख्या लहान राज्यात, जिथे प्रत्येक जण कोणाचा ना कोणाचा पाहुणा निघतो आणि भरतीच्या वेळी आमदाराचा फोन येणे कोणाला नवल वाटत नाही, तिथे पदाची पात्रता कागदावर लिहून ठेवलेली असणे हा दुबळ्या उमेदवाराचा मोठाच आधार असतो.

फेयोल हा तिघांतला मला सर्वांत जवळचा वाटतो, कदाचित तो खाणीवरचा माणूस होता म्हणून. त्याच्या टिपणांत १८६१ सालचा एक प्रसंग आहे. खाणीत एका घोड्याचा पाय मोडला. फेयोलने दुसरा घोडा देण्याची चिठ्ठी लिहिली, पण तबेलेवाल्याने ती नाकारली, कारण तिच्यावर संचालकाची सही नव्हती. संचालक गावाला गेलेला, त्याच्या जागी कोणाची नेमणूक नाही. त्या भागातले उत्पादन बुडाले. आमच्याकडे रात्रपाळीत फॉइल संपले आणि भांडारातून ते काढायला लागणारी संगणकावरची मंजुरी ज्याच्याकडे, तो घरी झोपलेला असला, की मला हटकून तो तबेलेवाला आठवतो. यावर फेयोलने १९१६ साली सुचवलेला उपाय साधा होता: समान पातळीवरच्या दोन विभागांनी वरिष्ठांच्या संमतीने थेट एकमेकांशी बोलावे, प्रत्येक गोष्ट शिडीने वर चढवून पुन्हा खाली उतरवू नये. आज ते काम व्हॉट्सॲपचा गट करतो, अनधिकृतपणे, आणि लेखापरीक्षणाच्या दिवशी त्या गटाचा कोणी उल्लेखही करत नाही.

फेयोलचे जे तत्त्व सर्वांत उघडपणे मोडले गेले ते आदेशाच्या एकतेचे, म्हणजे एका माणसाला एकच वरिष्ठ असावा हे. आमच्या लाइनवरच्या निम्म्याहून जास्त मुली कंत्राटदाराच्या हजेरीपटावर आहेत. उत्पादनाचे लक्ष्य त्यांनाही तेच, वेगही तोच. मात्र लक्ष्य ओलांडल्यावर मिळणारा प्रोत्साहन भत्ता फक्त कायम कामगारांना. टेलरच्या सौद्यातली वाढीव मजुरीची बाजू त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाही. त्यांना काम मी सांगतो आणि पगार दुसराच देतो. याचा खरा घोळ होतो तो चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला. फोंडा, डिचोली, सत्तरीहून येणाऱ्या मुली महिनाभर आधी रजा मागायला सुरुवात करतात. मी त्यांना कंत्राटदाराकडे पाठवतो, कारण रजेचा कागद त्याच्याकडे. तो त्यांना माझ्याकडे पाठवतो, कारण लाइन माझी. दोघांपैकी कोणीच सही केली नाही, तर त्या मुली चवथ तर चुकवणार नाहीतच. त्या सरळ घरी राहतात, आणि महिनाअखेरीस निघणाऱ्या तक्त्यात त्यांची नावे अनधिकृत गैरहजेरीच्या रकान्यात चढतात.