आमची वाटचाल: सुऱ्या घडवण्यासाठी परवडणारा बेल्ट ग्राइंडर

पुण्यात स्वयंपाकघरातील सुऱ्या हाताने घडवून विकण्याचा आमचा छोटा व्यवसाय प्रारंभी कानस, क्लॅम्प आणि अँगल ग्राइंडर एवढ्याच भांडवलावर उभा होता. पाते कापणे, भोके पाडणे, मूठ बसवणे ही कामे साध्या हत्यारांवरही उरकतात. खरा वेळ जातो तो पात्याच्या दोन्ही अंगांना पाठीपासून धारेपर्यंत सारखा उतार काढण्यात. हॉटेलांतील आचारी आणि घरगुती गिऱ्हाईक यांच्याकडून मागणी वाढू लागली, तसे कानशीने उतार काढत बसणे हिशेबात बसेना. बेल्ट ग्राइंडर, म्हणजे चाकांवर फिरणाऱ्या खरखरीत कणांच्या पट्ट्याने धातू घासणारे यंत्र, घ्यायचे ठरले. पण कोणता घ्यायचा आणि त्याच्या नेमक्या कोणत्या भागावर पैसे घालायचे, हे ठरवायला बराच विचार करावा लागला.

बोहरी आळीतील हत्यारांच्या दुकानांत सहज मिळणारे पहिले यंत्र म्हणजे 25 मिलिमीटर रुंद आणि 762 मिलिमीटर लांब पट्ट्याचे. ते आम्ही सुरुवात म्हणून घेतले आणि धार लावण्याच्या कामाला ते आजही वापरतो. पाते घडवण्यासाठी मात्र त्याची मर्यादा साध्या गणितात दिसते. पट्टा सेकंदाला 15 मीटर वेगाने फिरत असेल, तर 762 मिलिमीटरच्या पट्ट्यावरचा प्रत्येक कण सेकंदातून जवळजवळ वीस वेळा पोलादाला घासतो. 1830 मिलिमीटरच्या पट्ट्यावरचा कण त्याच वेगाला फक्त आठेक वेळा. मधल्या काळात कणाला निवायला सवड मिळते, त्यामुळे लांब पट्टा कमी तापतो आणि जास्त टिकतो.

दुसरा पर्याय होता सुतारकामाच्या 100 बाय 915 मिलिमीटर पट्ट्याच्या सँडरचा. गंमत अशी, की याच्या पट्ट्याचे क्षेत्रफळ 50 बाय 1830 च्या पट्ट्याएवढेच भरते, म्हणून कागदावर हे यंत्र स्वस्तात मोठे वाटते. पण सुरीचा उतार मुठीजवळ जिथे थांबतो, तिथली रेघ काटेकोर यायची असेल तर पट्ट्याची कड मोकळी लागते आणि हाताला दोन्ही बाजूंनी जागा लागते. या यंत्राच्या चौकटीत ती मिळत नाही. वेग एकच, तोही कमी, आणि पट्टा ढिला धरून गोलाई काढण्याची सोय नाही. मुठीच्या फळ्या सपाट करायला मात्र हे यंत्र उत्तम आहे, आणि त्याच कामासाठी आम्ही पुढे एक जुने यंत्र घेतले.

त्यामुळे 50 बाय 1830 मिलिमीटर, म्हणजे जगभरचे सुरी घडवणारे ज्याला दोन बाय बहात्तर इंच म्हणतात, ते माप नक्की झाले. अमेरिकेतील नावाजलेले तयार यंत्र दोन-तीन हजार डॉलरांच्या घरात जाते. त्यावर वाहतूक, आयात शुल्क आणि जीएसटी चढवला की आमच्यासारख्यांनी तो विषय तिथेच मिटवावा. पुण्यात राहून याची खंत करण्याचे कारणही नव्हते. ज्या शहराच्या परिसरात लेझर कटिंग, लेथ, रबर लायनिंग आणि मोटर-दुरुस्ती हे सारे एकाच दिवसाच्या फेरीत होते, तिथे यंत्र विकत आणण्यापेक्षा करवून घेणे अधिक शहाणपणाचे होते. भोसरीतून 10 मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे भाग कापून आणले (गुरुवारी तिथे सुट्टी असते, हे नवख्याने लक्षात ठेवावे) आणि नऱ्ह्याच्या एका फॅब्रिकेटरकडून चौकट जोडून घेतली. चौकटीवर आम्ही सर्वांत कमी खर्च केला. ती जड आणि काटकोनात असली की पुरे. तिला रंग नसला तरी पात्याला काही कळत नाही.

पैसे घातले ते मोटर, व्हीएफडी आणि चाके यांवर. आमच्या गाळ्यात तेव्हा सिंगल फेज जोडणी होती, आणि केवळ या यंत्रासाठी थ्री फेजचा खर्च करायचा नव्हता. व्हीएफडी हे उपकरण 230 व्होल्टची सिंगल फेज वीज घेऊन मोटरला 230 व्होल्टची थ्री फेज वीज देते आणि वेगही कमी-जास्त करू देते. इथे मोटरची नेमप्लेट नीट वाचावी लागते. आपल्याकडे दोन हॉर्सपॉवरपर्यंतच्या थ्री फेज मोटरी साधारणपणे 415 व्होल्टला स्टार जोडणीत चालतात (स्टार आणि डेल्टा या मोटरच्या आतल्या तारा जोडण्याच्या दोन पद्धती). टर्मिनल बॉक्समध्ये सहाही टोके बाहेर काढलेली असतील, तर त्याच मोटरची डेल्टा जोडणी केली की ती 230 व्होल्टच्या व्हीएफडीवर व्यवस्थित चालते. तीन हॉर्सपॉवर आणि त्यावरच्या मोटरी बहुधा 415 व्होल्टलाच डेल्टामध्ये असतात, त्यामुळे 'मोठी मोटर स्वस्तात मिळते आहे' म्हणून उचललेली जुनी मोटर या मांडणीत पूर्ण ताकद देत नाही. आम्ही दोन हॉर्सपॉवरची, पूर्ण बंदिस्त, पंख्याने थंड होणारी नवी मोटर घेतली. रोजच्या कामाच्या यंत्राला मोटर तरी नवी असावी, असे माझे मत आहे.

वेगाचा हिशेबही आधीच करून ठेवला. मिनिटाला 1440 फेऱ्यांची मोटर आणि 100 मिलिमीटरचे चाक घेतले, तर पट्टा सेकंदाला साडेसात मीटर चालतो. हा वेग मुठीच्या लाकडाला ठीक आहे, पण पोलाद भराभर उतरवायला अपुरा पडतो. व्हीएफडीवर 50 हर्ट्झच्या, म्हणजे आपल्या विजेच्या नेहमीच्या वारंवारतेच्या, वर जाऊन वेग वाढवता येतो, पण तिथून पुढे मोटरचा जोर कमी होत जातो. म्हणून आम्ही 2880 फेऱ्यांची मोटर आणि 125 मिलिमीटरचे चाक निवडले. त्यावर पूर्ण वेग सेकंदाला सुमारे 19 मीटर येतो आणि 20 हर्ट्झवर तो साडेसातच्या आसपास उतरतो. त्याहून खाली फार वेळ चालवल्यास मोटरचा स्वतःचा पंखाही मंदावतो आणि ती तापते.

चाकांच्या बाबतीत काटकसर चालत नाही. चाक किंचित जरी वेडेवाकडे फिरले तरी पट्टा थरथरतो, आणि ती थरथर पात्यावर आडव्या लाटांच्या रूपाने उमटते; मग पुढचे सगळे पॉलिश त्या लाटा घालवण्यातच जाते. आमच्या टर्नरने ॲल्युमिनियमची चाके लेथवर एकाच पकडीत बाहेरून आणि बेअरिंगच्या जागेसह कातून दिली, आणि पट्टा जागेवर ठेवणाऱ्या वरच्या चाकाला मध्यभागी हलका फुगवटा ठेवला. त्या फुगवट्यामुळेच पट्टा मधोमध राहतो. बेअरिंगे दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेली घेतली, कारण पोलादाची धूळ उघड्या बेअरिंगला फार काळ टिकू देत नाही. पट्ट्यामागच्या सपाट प्लॅटनवर आम्हीच कडक केलेली ईएन 31 ची (बेअरिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या पोलादाची) पट्टी बसवली आहे. झिजली की बदलतो.

पट्टे हा या यंत्राचा कायमचा खर्च, आणि खरे तर 'परवडणारे' हा शब्द यंत्रापेक्षा पट्ट्यांना अधिक लागू होतो. पुण्यात मोठ्या रोलमधून हव्या त्या मापाचे पट्टे कापून जोडून देणारे आहेत, त्यामुळे 1830 मिलिमीटरचे माप मिळवणे अवघड गेले नाही. पहिल्या खडबडीत टप्प्याला 36 किंवा 60 ग्रिटचा (ग्रिटचा आकडा जितका लहान तितके कण जाड) सिरॅमिक पट्टा वापरतो. तो साध्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या पट्ट्यापेक्षा महाग असतो, पण त्याचे कण दाबाखाली फुटून नवी धार देतात. मोटर कमजोर असेल आणि दाब देता आला नाही, तर तोच कण गुळगुळीत होऊन बसतो आणि महागडा पट्टा वाया जातो. मोटरवर खर्च करण्याचे हे दुसरे कारण. 120 च्या पुढे साधे, लवचिक कापडाचे पट्टे पुरतात. पावसाळ्यात पट्टे दमट होऊन वाकतात आणि सांध्याशी सुटू शकतात, म्हणून ते जाड पाइपवर टांगून कोरड्या कपाटात ठेवतो.

आमची बहुतेक पाती ईएन 31 पोलादाची असतात. कडक करण्यापूर्वी उतार काढताना धारेशी अर्धा मिलिमीटर जाडी राखतो, नाहीतर तेलात बुडवताना पाते वाकते किंवा तडकते. कडक केल्यावर पाते सुमारे 200 अंश सेल्सिअसला टेंपर होते, म्हणजे ठिसूळपणा घालवण्यासाठी पुन्हा हलके तापवले जाते, आणि त्यानंतर ग्राइंडरवर ते त्याहून तापले की धारेचा कडकपणा उतरतो. धारेवर निळी झाक दिसेपर्यंत तापमान 300 अंशांच्या जवळ गेलेले असते, म्हणजे तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून या टप्प्यावर वेग कमी, पट्टा नवा आणि शेजारी पाण्याची बादली, ही आमच्याकडची पद्धत आहे. कारागीर हातमोजे घालत नाहीत. उघड्या बोटांना उष्णता लगेच कळते आणि फिरत्या पट्ट्यात मोजा अडकण्याचा धोकाही राहत नाही.

धुळीसाठी एक नियम मात्र कडक आहे: लाकडाचा भुसा आणि पोलादाच्या ठिणग्या एकाच यंत्रावर येऊ द्यायच्या नाहीत, कारण भुशात पडलेली ठिणगी तासाभरानेही पेट घेऊ शकते. शिसम आणि सागाच्या मुठी त्या जुन्या सँडरवर होतात, आणि मोठ्या ग्राइंडरखाली ठिणग्यांसाठी पाण्याचा ट्रे असतो. व्हीएफडी बंद पेटीत, यंत्रापासून दूर भिंतीवर बसवला आहे. पोलादाची धूळ विजेची वाहक असते आणि उघड्या सर्किटवर बसली की शॉर्ट होते. अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय आम्ही यंत्र सुरू केले नव्हते, आणि मास्क न लावता त्यासमोर कोणी उभे राहत नाही.

पुढचा खर्च 200 मिलिमीटरच्या रबरी कॉन्टॅक्ट व्हीलवर, म्हणजे ज्यावरच्या पट्ट्याला पाते टेकवून घासतात त्या चाकावर, करायचे ठरले आहे. सध्या सगळे उतार सपाट येतात, आणि काही आचाऱ्यांना पोकळ उतार हवा असतो, कारण तो पात्याला धारेजवळ पातळ ठेवतो. चौकट करवून घेतानाच चाक धरणाऱ्या दांड्याच्या खाचेचे माप मोठे ठेवले होते, त्यामुळे नवे चाक बसवायला वेल्डिंग करावे लागणार नाही. चाकावर रबर चढवणाऱ्याकडून समतोल साधून मिळाले की ते त्याच मोटरवर फिरेल.