पुन्हा लिहिती झाले

माझा पहिला कथासंग्रह आला, लोकांनी तो आपुलकीने वाचला आणि त्यानंतर माझं लिहिणंच थांबलं. सुचत नव्हतं असं नाही. विषय डोक्यात घोळत होते, वहीत टिपणं होती, एक कथा तर अर्धीअधिक लिहून झाली होती. पण लिहायला बसलं की पहिलं वाक्य लिहायचं, वाचायचं, खोडायचं. दुसरं लिहावं तर ते पहिल्याहून फिकं वाटायचं. उठताना कागदावर काहीच उरलेलं नसायचं आणि अंगात त्राणही नसायचं.

हे दुखणं न लिहिणाऱ्या माणसाला सांगून पटत नाही. ‘मूड येईल गं, थांब जरा’ असं सगळे मायेनं म्हणायचे. मी थांबले. मूड काही आला नाही. उलट मधे जितका काळ जाई तितकी पुढच्या वाक्याकडून अपेक्षा वाढत जाई. एवढ्या खंडानंतर लिहायचं तर ते तसंच तोलामोलाचं हवं, असं वाटायचं. थांबण्याचा सल्ला देणाऱ्यांना माझं आजही सांगणं आहे की विश्रांती वेगळी आणि वाट बघणं वेगळं. विश्रांतीनं माणूस ताजातवाना होतो, वाट बघण्यानं मनातली धास्ती वाढते.

मग मी या अडण्याबद्दलच वाचायला घेतलं. अमेरिकेतले लेखनशिक्षक माइक रोझ यांचा १९८० सालचा एक अभ्यास हाती लागला. त्यांनी कॅलिफोर्नियातल्या १० विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यातले ५ लिहिताना अडणारे, ५ न अडणारे. दोन्ही गटांच्या कुवतीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण अडणाऱ्यांनी काही नियम दगडावरची रेघ असल्यासारखे धरून ठेवले होते. एका मुलीच्या मनात पक्कं बसलं होतं की सुरुवातीनेच वाचकाला पकडलं पाहिजे, आणि ती पहिल्या परिच्छेदातच तासन्‌तास रुतून बसायची. न अडणाऱ्यांकडेही नियम होतेच, पण एखादा लागू पडत नाही असं दिसलं की ते तो सोडून पुढे जायचे.

ते वाचताना माझ्या घशाशी आवंढा आला. तो नियम माझाच होता. माझ्या पहिल्या संग्रहाबद्दल बोलताना वाचक कथांच्या सुरुवातींचं फार कौतुक करायचे, आणि तेच कौतुक मी कायदा म्हणून स्वीकारलं होतं.

कळलं म्हणून लगेच सुटका झाली नाही. हाताला वेगळी सवय लावावी लागली. पीटर एल्बो या लेखनशिक्षकांनी १९७३ पासून लोकांपुढे ठेवलेली एक साधी रीत आहे: १० मिनिटं हात न थांबवता लिहायचं, मागे वाचायचं नाही, खोडायचं नाही, आणि काहीच सुचलं नाही तर ‘काही सुचत नाही’ हेच लिहायचं. मी पाठकोरे कागद आणि पेन्सिल घेतली. संगणकावर पुसणं फार सोपं असतं म्हणून तो बंद ठेवला. सुरुवातीला जे उतरलं ते निव्वळ गाऱ्हाणं होतं. त्याचाही उपयोग झाला असं मी म्हणेन, कारण गाऱ्हाणं संपल्यावर मन आपोआप कथेकडे वळायला लागलं.

माझी अडलेली कथा दोन भावांची होती. आई गेल्यावर दोघे तिच्या खोलीची आवराआवर करतात, या प्रसंगाशी मी थबकले होते. ‘खोलीत आईची उणीव दाटून राहिली होती’ अशा तऱ्हेची वाक्यं मी लिहीत होते आणि खोडत होते. एका सकाळी न थांबता लिहिताना पेन्सिलीखालून आलं: धाकट्यानं चष्म्याचं घर उघडलं, आत चष्मा नव्हता, सुया होत्या. सगळ्या ओवलेल्या.

मी तिथं थांबले नाही, कारण थांबायचं नाही असंच ठरलेलं होतं. सुया ओवलेल्या का? आईला दिसत नसे, म्हणून कुणी घरी आलं की ती त्याच्याकडून पाच-सहा सुया एकदम ओवून घ्यायची. मग या कुणी ओवल्या? थोरल्याला वाटतं, आपण. पण तो तर फार दिवसांत फिरकलेला नाही. धाकट्याला ठाऊक आहे, आणि तो बोलत नाही. तिथून भांडण निघालं. मी ज्या भांडणासाठी इतके दिवस कारण शोधत होते ते या चष्म्याच्या घरात सापडलं. कागद भरला तेव्हा माझे डोळेही भरून आले होते.

प्रेरणा वगैरे शब्द मी जपून वापरते, पण माझ्यापुरतं सांगायचं तर ती वस्तूच्या वाटेनं येते. ‘उणीव’ लिहून हात अडतो, ‘सुई’ लिहिली की पुढचा प्रश्न उभा राहतो. तेव्हापासून एखादा प्रसंग अडला की मी भावना बाजूला ठेवते आणि त्या खोलीत काय काय पडलंय, कोण कशाला हात लावतंय, एवढंच लिहून काढते.

चालण्याचाही फायदा झाला. २०१४ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी प्रयोगांतून दाखवलं की चालताना माणसाला बसल्यापेक्षा जास्त नव्या कल्पना सुचतात, अगदी कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चाललं तरीही. नेमकं एकच उत्तर शोधायच्या कामात मात्र चालण्यानं फायदा झाला नाही. म्हणून मी पुढे काय काय घडू शकेल याचा विचार चालताना करते, आणि त्यातलं काय ठेवायचं हे टेबलाशी बसून ठरवते.

आणखी एक सवय अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे यांच्याकडून उचलली. पुढे काय होणार हे माहीत असतानाच ते त्या दिवसाचं लिखाण थांबवत. मला हे फार जड गेलं, कारण ओघात असताना उठणं जिवावर येतं. पण दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाची भीती उरत नाही हे अनुभवलं, आणि आता अर्ध्या वाक्यावरही उठते.

एक गोष्ट कळकळीनं सांगावीशी वाटते. लिहिण्याबरोबर झोप, भूक, माणसांत मिसळणं हेही आटत चाललं असेल तर तो प्रश्न वही-पेन्सिलीचा नाही. नैराश्यातही लिखाण थांबतं. तेव्हा डॉक्टरांकडे जावं आणि लिखाणाला खुशाल सुट्टी द्यावी.

भावांची कथा पूर्ण झाली. सुरुवात मी सर्वांत शेवटी लिहिली, आणि ती अगदी साधी आहे: थोरला दारात चपला काढतो. आता कादंबरीला हात घातलाय. तिचा पहिला भाग अजून धड नाही, मधली तीन प्रकरणं मात्र उभी राहिली आहेत. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं कपाटाची किल्ली कुणाकडे दिली हे मला अजून कळलेलं नाही, ते शोधतेय.