धिणोधर: चढा खुशाल, पण मागच्या बाजूने उतरू नका

वांद्र्याहून कच्छ एक्सप्रेस, भुजला उतरून फाफडा-चहा, तिथून जीप. इथवर सांगण्यासारखं काही नाही. धिणोधर हा कच्छमधला डोंगर, नखत्राणा तालुक्यात आहे. उंची 386 मीटर. पायथ्याच्या थान मठापासून वरच्या धोरमनाथ या योग्याच्या मंदिरापर्यंत रुळलेली वाट जाते. राजमाची, हरिश्चंद्रगड करणाऱ्यांना तो चढ म्हणजे काहीच नाही. दमवतं ते ऊन.

खरी कथा उतरण्याची. जीपवाला म्हणाला, ‘परत कशाला येता? पलीकडून उतरा, मस्त रस्ता आहे, पाऊण तास. मी गाडी तिकडे लावतो.’ रस्ता कसला! आधी सुटे दगड, पाय ठेवला की घरंगळणारे. त्याखाली वेड्या बाभळीचं रान. रण पुढे सरकू नये म्हणून वनखात्याने 1960 च्या सुमारास शेजारच्या बन्नी या गवताळ भागात ही बाभूळ लावली, आता ती सगळीकडे माजली आहे. गुरांच्या वाटा आत शिरतात आणि काट्यांच्या भिंतीपाशी संपतात. माघारी फिरा, दुसरी वाट धरा, पुन्हा तेच. एक काटा बुटाचा जाड तळवा, आतलं इनसोल आणि मोजा भेदून टाचेत घुसला. बूट काढायला जावं तर पायही सोबत ओढला जाई. शेवटी मित्राने पकडीने काटा बाहेरून ओढला, बोटाच्या दोन पेरांएवढा होता. पाऊण तासाचे तीन तास झाले.

खाली जीपवाले साहेब खाटेवर आडवे झालेले. अडीच हजार ठरले होते, आता म्हणे वेटिंगचे नऊशे वेगळे! ज्या वाटेवर यानेच पाठवलं तिच्यावर झालेला उशीर आमच्याच बिलात. बरीच हुज्जत घालून पाचशेवर मिटवलं. तेही द्यायला नको होते, पण पाणी संपलं होतं आणि गाडी त्याची होती. भाडं ठरवताना ‘वेटिंग धरून’ एवढं कागदावर लिहून घ्या, आणि गाडी थानलाच थांबवा.

धिणोधर हा जुना ज्वालामुखी, पण त्याचं तोंड बघायला मिळेल या आशेने जाऊ नका, खड्डा वगैरे काही नाही. नळीत थिजलेला लाव्हा तेवढा उभा राहिलाय, आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला. अंधेरीचा गिल्बर्ट हिल ज्या दख्खनी लाव्ह्याच्या काळातला, त्याच काळातला हाही, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. काळ्या दगडात कुठेकुठे ऑलिव्हिन या खनिजाचे हिरवट दाणे दिसतात. ते पृथ्वीच्या खोल पोटातून वर आलेत, थांबून बघा.

माथ्यावरून उत्तरेला रण दिसतं. धोरमनाथाने इथे डोक्यावर उभं राहून बारा वर्षं तप केलं, मग त्याची नजर पडली तिथला समुद्र आटून रण झालं, अशी गोष्ट आहे. दुपारी बारा वाजता त्या डोंगरावर ती पटते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून जाऊ नका. पहाटे चढायला लागा, वाटेत सावलीचा भरवसा नाही. पातळ तळव्याचे बूट घरी ठेवा, सॅकमध्ये पक्कड टाका. येताना निरोणा गावात रोगनकाम, म्हणजे कापडावरची तेलरंगातली नक्षी, बघितलं, छान आहे. पाणी माणशी दोन लिटर पुरेल असं सगळे सांगतात. पुरत नाही, तीन घ्या.