दोनदा धुतलेला रोल

शाळेनं मला काय दिलं असं विचाराल, तर पहिल्यांदा तपकिरी बोटं दिली. 1984 साल, नववीची परीक्षा नुकतीच संपलेली. त्या बोटांवरून मी बिड्या ओढतो असा वडिलांना संशय आला आणि खुलासा करायला सायन्सच्या सरांना कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी यावं लागलं.

भानगड अशी होती. शाळेत स्लाइड प्रोजेक्टर होता, पण दाखवायला स्लाइड नव्हत्या. सर म्हणाले, आपणच करू. ओर्वो कंपनीचा साधा ब्लॅक अँड व्हाइट रोल, पण निगेटिव्ह न ठेवता त्याचंच पॉझिटिव्ह करायचं. रोल डेव्हलप करायचा, मात्र हायपोत, म्हणजे न उमटलेला भाग काढून टाकणाऱ्या द्रावणात, घालायचा नाही. उमटलेली चांदी परमँगनेट आणि सल्फ्युरिक ॲसिडच्या पाण्यात विरघळवून टाकायची. (ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. ते काम सर स्वतःच करत.) मग फिल्मवर उरतं ते पहिल्या खेपेला न उमटलेलं. त्याला उजेड दाखवून पुन्हा डेव्हलप केलं की तेच काळं होतं, आणि सावली सावलीच्या जागी येते. शेवटी हायपो.

परमँगनेटमधून निघालेला रोल चहाच्या चोथ्यासारखा दिसतो. सोडियम मेटाबायसल्फाइटमध्ये घातला की डाग उडून सायीच्या रंगाचा होतो. माझी बोटंही सरांनी वडिलांसमोर त्यातच बुडवली. वडील गप्प झाले. आईच्या बादलीवरचे डाग मात्र राहिले ते राहिलेच.

पहिला रोल एप्रिलच्या उन्हानं खाल्ला. टाकीचं पाणी कोमट, त्यात परमँगनेटनं मऊ पडलेला फिल्मवरचा जिलेटिनचा थर. 36 फोटो मोरीतून वाहून गेले. दुसऱ्या खेपेला बर्फ आणून घमेल्यात ठेवला, पारा 20 अंशांवर धरला. 100 वॉटच्या बल्बपुढे मी ओली फिल्म उलटसुलट फिरवतोय आणि सर ओरडतायत, "अरे, बल्बवर थेंब उडवू नकोस!" दुसरं डेव्हलपिंग उजेडातच चालतं. सायीतून रंकाळा तलावातल्या संध्यामठाचे खांब वर येताना मी डोळ्यांनी पाहिले.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर हॉलच्या भिंतीवर रंकाळा दिसला, पण आभाळ मळकं. उजळ जागा स्वच्छ निघाव्यात म्हणून पहिल्या डेव्हलपरमध्ये चिमूटभर हायपो घालायचा असतो. तो मी विसरलो होतो. प्रिंट काढताना सावरता येतं, स्लाइडला तशी माफी नाही.

मागून कुणीतरी विचारलं, "सर, ढग आलेत काय?"

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "होय. वळवाचे."