मीठ वितळलं की मोजणार काय?

नेहमीच्या अणुभट्टीतलं इंधन कोणी बॉम्बसाठी पळवू नये म्हणून राखणं किचकट असलं तरी निदान मोजता येतं. प्रत्येक फ्युएल असेंब्लीला, म्हणजे इंधनाच्या नळ्यांच्या जुडग्याला, नंबर असतो, आयएईएचे (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे) इन्स्पेक्टर येतात, नंबर ताडून बघतात, सील तपासतात, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघतात. एक कमी भरली की कमीच, वाद नाही.

मोल्टन सॉल्ट रिअ‍ॅक्टरमध्ये इथेच घोळ होतो, कारण इंधन 600-700 डिग्रीच्या फ्लोराइड मिठात विरघळलेलं असतं आणि ते पंपाने सतत फिरत असतं, त्यात रोज काही अणू फुटतायत, काही नवे तयार होतायत, थोडं पाइपच्या आत चिकटून बसतंय, मग नंबर टाकणार कशावर? सँपल काढून अंदाज बांधायचा. समजा मिठात 1000 किलो युरेनियम-233 (थोरियमपासून होणारं इंधन, बॉम्बलाही चालतं) आहे आणि मोजण्यात फक्त 1 टक्का चूक झाली, तर हिशोबात 10 किलोचा फरक. आयएईए बॉम्बच्या धोक्यासाठी जो आकडा धरते तो 8 किलो.

आणि चोर नसतानाही माल जागा सोडतो बरं का! अमेरिकेतल्या ओक रिजची अशीच प्रायोगिक भट्टी 1969 ला बंद झाली, मीठ टाक्यांमध्ये गोठवून ठेवलं, पण किरणोत्सर्गामुळे मिठातून फ्लोरिन सुटत राहिला, त्याने युरेनियमचा वायू झाला, तो पाइपांतून सरकत कोळशाच्या फिल्टरमध्ये जाऊन बसला. कळलं कधी, तर 1994 मध्ये. अडीच किलोच्या आसपास युरेनियम होतं तिथे. म्हणजे नुसती टाकी सील करून भागत नाही, गॅसच्या लायनींवरही डिटेक्टर हवेत आणि ते भट्टीच्या ड्रॉइंगमध्येच हवेत, एकदा सगळं तापलं की मागाहून कोण बसवणार.

थोरियमवर भट्ट्या चालवा म्हणणारे सांगतात की यू-233 सोबत यू-232 येतं, त्याच्या पिल्लांचा, म्हणजे ते फुटून होणाऱ्या अणूंचा, गॅमा किरणोत्सर्ग इतका जबरदस्त की कोणी हात लावणार नाही. बरोबर आहे, पण अर्धंच. थोरियमपासून आधी प्रोटॅक्टिनियम-233 होतं, त्याचं अर्धआयुष्य 27 दिवस. ते मिठातून वेगळं काढून बाजूला ठेवलं, त्यातलं प्रोटॅक्टिनियम-232 (यू-232 होतं ते यातूनच) काही दिवसांत संपू दिलं आणि तेवढ्यात झालेलं युरेनियम काढून टाकलं, की पुढे मिळतं ते जवळपास स्वच्छ यू-233. त्यामुळे कोणी नवं डिझाइन दाखवलं की मी आधी केमिस्ट्रीच्या प्लांटचं पान उघडतो, प्रोटॅक्टिनियम वेगळं काढतायत का आणि काढून ठेवतायत कुठे ते बघायला.