शेणातले भुंगेरे, तिसरी फेरी: शिंगं सोडा, नडगी बघा

गायरानावर सहा सापळे, दोहोंत 50 मीटर अंतर. त्याहून जवळ लावले की एकाचा वास दुसऱ्याचे किडे ओढतो आणि सहाचे आकडे वेगळे धरता येत नाहीत.

एक लिटरचा प्लॅस्टिकचा डबा, तळाला तीन बोटं पाणी, त्यात मूठभर मीठ आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब. डबा पुरल्यावर काठ जमिनीशी अगदी सपाट हवा. पहिल्या फेरीत काठ अर्धा सेंटिमीटर वर राहिला होता. लहान ऑन्थोफॅगस (शेणातल्या भुंगेऱ्यांचा एक गट) तिथूनच वळून जातात. आमिष म्हणजे 150 ग्रॅम ताजं शेण, मच्छरदाणीच्या कापडात बांधून काडीवर टांगलेलं. वर ताटलीचं छप्पर, नाहीतर एका सरीत डबा भरून सगळं वाहून जातं. बेडूक पडू नयेत म्हणून तोंडावर 2.5 सेंटिमीटरची जाळी. कॅथार्सिअस हा मोठा भुंगेरा तिच्यातून आत जातो, त्याहून मोठा हेलिओकॉप्रिस मात्र अडतो, तेवढी तडजोड.

शेण कुणाच्या गोठ्यातलं, हे आधी विचारा. जनावराला आयव्हरमेक्टिन हे जंतांचं औषध दिलं असेल तर ते शेणातून बाहेर पडतं आणि अळ्या मरतात. महिनाभर ते शेण घ्यायचं नाही.

सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, दोनदा रिकामं करायचं. एकदाच केलं तर दिवसाचे, शेणाचे गोळे ढकलणारे जिम्नोप्ल्युरस, सिसिफस आणि रात्रीचे कॉप्रिस, कॅथार्सिअस एकाच बाटलीत मिसळतात.

आता ओळख. ऑन्थोफॅगसच्या कित्येक जातींत मोठ्या नराला लांब शिंग, लहान नराला नुसता उंचवटा, मादीला तेही नाही. शिंगावरून वाटे केले तर एकाच जातीच्या तीन होतात, आणि नवख्याच्या वहीत त्या तशाच पडून राहतात. त्याऐवजी दहापट भिंग घेऊन मागच्या नडगीचं टोक बघा. तिथे एकच काटा असेल तर स्कॅराबेइनी, म्हणजे खऱ्या शेणभुंगेऱ्यांचं उपकुळ, दोन असतील तर अफोडिअसचं घराणं. काम काय, तेही बरंचसं नडगीच सांगते: गोळा ढकलणाऱ्याची बारीक आणि वाकलेली, बीळ खणणाऱ्याची टोकाकडे रुंद होत गेलेली. कठीण पंखाच्या कडेला खांद्यामागे खाच दिसली की जिम्नोप्ल्युरस. पुढच्या पायांना पावलंच नसतील तर ओनिटिसकडे वळा; घाईत ती तुटली समजून नमुना टाकून देऊ नका. टाचणी नेहमी उजव्या पंखातून.

पोच्या (शेणाच्या थापीच्या) आतच घरटं करणारे, उदाहरणार्थ ओनिटिसेलस सिंक्टस, एकट्या सापळ्यावरून कळत नाहीत. दोन-तीन दिवसांचा पो खुरप्याने उचलून बादलीभर पाण्यात सोडा. किडे वर तरंगतात. अळ्या आणि कोष बघायचे तर पाण्याआधी पो फोडून बघा. मग पोखालची माती एक वीत खोल खणून बिळं मोजा. शेण जमिनीत गेलं की माशांना अंडी घालायला पो उरत नाही. ऑस्ट्रेलियात गाईगुरं बाहेरून आली, तिथले भुंगेरे कांगारूच्या कोरड्या लेंड्यांना सरावलेले. शेवटी 1960 च्या दशकात परदेशी भुंगेरे आणून सोडावे लागले.

चौथ्या फेरीत तीन सापळ्यांना म्हशीचं शेण, तीनला गाईचं. म्हशीचं पातळ असतं, कापडातून गळतं. अर्धा तास सावलीत ठेवून मगच बांधायचं. वजन दोन्हीकडे तेच 150 ग्रॅम, बांधल्यावर केलेलं.