मौसम खराब

ऑडिटवाल्याला हेलिकॉप्टर दिसतं ते फायलीतच. 2025च्या जूनमध्ये ग्वाल्हेरहून निघालेली आमची चौघांची ऑडिट पार्टी एका सरकारी खात्यात बसली होती, कुठल्या ते लिहीत नाही. अत्यवस्थ रुग्ण उचलून आणायला त्यांनी एका कंपनीचं हेलिकॉप्टर 'वेट लीज'वर घेतलं होतं. मशीन, पायलट, देखभाल, विमा सगळं कंपनीचं. खात्यानं महिन्याचं ठरलेलं भाडं आणि वर उडलेल्या तासांचे पैसे द्यायचे.

तासांपासूनच गंमत सुरू झाली. हेलिकॉप्टरचा उड्डाणाचा वेळ पाती फिरू लागल्यापासून ती थांबेपर्यंत धरतात, पण देखभालीच्या हिशोबात जमीन सोडल्यापासून टेकेपर्यंतच. करारात नुसतं 'उड्डाण तास'. स्ट्रेचर चढवताना फिरणाऱ्या पात्यांचे पैसे द्यायचे की नाही, हे कुणालाच विचारावंसं वाटलं नव्हतं. सह्या मात्र पानोपान.

मी अडकले ते नाकारलेल्या कॉलच्या रजिस्टरात. मशीन बिघडलं तर त्या दिवसाचं भाडं कापायचं, हवा खराब असली तर नाही. अट रास्तच आहे. पण हवा खराब होती हे लिहिणार कंपनीचाच माणूस! तीन महिन्यांत चार नकार, चारींपुढे 'मौसम खराब', एकाच निळ्या पेनानं, एका बैठकीत उरकल्यासारखे. मी जवळच्या विमानतळाचे हवामान अहवाल काढले. ते दर अर्ध्या तासाला निघतात. चारही दिवशी दृश्यमानता चांगली, वारा बेताचा.

"अहो मॅडम, तळावर ऊन म्हणजे वाटेतही ऊन का?" आमचे साहेब म्हणाले. साहेब लष्करातले, म्हणजे आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले. मुद्दा काढला की तो खोडून बघायची खोड जुनी. पण बोलले ते बरोबर होतं.

मग एका बिलामागे चुकून स्टेपल झालेला कागद सापडला. मशीनच्या टेक्निकल लॉगच्या पानाची झेरॉक्स, तारीख तिसऱ्या नकाराची. इंजिनाचा चिप लाइट लागलेला. तेलात धातूचा कीस आला की हा दिवा लागतो, आणि तपासणी झाल्याशिवाय उडायचं नसतं. मौसमाचा काही संबंध नाही! मी ते पान तीनदा वाचलं आणि लगेच हाफ मार्जिन, म्हणजे ऑडिटची लेखी विचारणा, काढला.

बाकी तीन दिवसांचे लॉग मागितले. कंपनीचं उत्तर आलं, ते आमचे अंतर्गत कागद. कॅगच्या, म्हणजे सरकारी लेखापरीक्षणाच्या, 1971च्या कायद्याच्या कलम 18नं आम्हाला सरकारी दप्तर उघडता येतं; कंपनीच्या हँगरमधलं कपाट उघडायला करारात तशी अट लागते, आणि ती कुणी घातलीच नव्हती. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी कार्यालय, लॉग बघू शकतं, पण मशीन उडण्यालायक आहे का एवढ्यासाठी. भाडं वसूल झालं का, हे त्यांचं काम नाही.

हा वाद चालू असतानाच, 15 जूनला, केदारनाथहून परतणारं हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळलं. सातही जण गेले. दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्या पॅराचा, म्हणजे अहवालातल्या आक्षेपाचा, मसुदा पुढ्यात ठेवला. "हवेच्या नकारावर आपण पैसे कापायला लावले, तर उद्या पायलट ढगात शिरेल. तो पॅरा कुणाच्या नावावर?" मी काही बोलले नाही. मला अजून उत्तर सुचलेलं नाही. 'हवा खराब' हे लिहायला पायलट मोकळाच हवा. आणि तो मोकळा आहे म्हणूनच त्याआड चिप लाइट झाकता येतो.

पॅरा एका दिवसाच्या भाड्याचा झाला. खात्यानं मान्य केला, 'वसुली की जाएगी' लिहून दिलं. बाकी तीन नकारांच्या ओळी गळल्या.

त्यांची झेरॉक्स माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. दुसऱ्या ओळीत शेऱ्यापुढे लिहिलंय, 'मरीज सड़क मार्ग से रवाना, 14:20'. शेजारी पोहोचल्याच्या वेळेचा रकाना आहे, तो कोरा.